मारणारी बुरशी आधी जिवंत तर पोहोचवा

प्रति,
राज्याच्या कृषी खात्यात धान पट्ट्यासाठी जैविक निविष्ठांची शिफारस, खरेदी आणि वाटप ठरवणारे सर्व अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

सप्टेंबर लागला की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावागावांत मोबाइलवर आपला कीड-सल्ला येतो. तपकिरी तुडतुड्यांसाठी त्यात एक ओळ ठरलेली असते: मेटारायझियम अॅनिसोप्ली ही किडी मारणारी बुरशी, हेक्टरी अडीच किलो. ओळ चुकीची नाही. शास्त्र तिच्या बाजूने आहे, केंद्राची नोंदणी आहे, आमच्या खिशाला आणि अंगालाही ती परवडते. तरी बहुतेक शेतकरी ती ओळ ओलांडून खालच्या रासायनिक औषधाच्या नावावर जातात, आणि मी त्यांना नावे ठेवणार नाही. ती ओळ आणि आमची बांधी, म्हणजे धानाचे खाचर, यांच्या मधल्या वाटेत बुरशी मरते. हे पत्र त्या वाटेबद्दल आहे.

आधी बांधीत उतरू. दसऱ्याच्या मागेपुढे धान पोटरीत असते किंवा निसवायला लागलेले असते. बांधावरून पाहिले तर पीक झकास. पण चूड, म्हणजे धानाचा एक ठोंब, दोन्ही हातांनी फाकवून बुंध्याकडे पाहावे. पाण्याच्या चार बोटे वर, खोडाला चिकटून, तपकिरी रंगाचे बारके किडे बसलेले दिसतात. बोट जवळ नेले तर उडत नाहीत, आडवे सरकत खोडाच्या पलीकडच्या बाजूला जातात. काही टुणकन पाण्यावर पडतात आणि तसेच शेजारच्या चुडाकडे निघतात. चुडाला दहाच्या वर भरले की धोक्याची पातळी, असे आपणच सांगता. त्या पातळीवर लक्ष गेले नाही तर आठ-दहा दिवसांत तिथले धान पिवळे, मग तपकिरी होऊन बसते; बांधीत गोल खळे पडते आणि रोज रुंदावत जाते. कापणी तोंडावर आली असताना असे खळे दिसले की माणूस गाडीला किक मारून दुकानाकडे पळतो आणि दुकानदार देईल ते घेऊन येतो.

देईल ते म्हणजे बहुतेकदा दोन-तीन औषधांची खिचडी. त्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइड असले तर तुडतुड्याआधी त्याला खाणारे मरतात. धानात लायकोसा कोळी तुडतुडे धरून खातो, मिरीड ढेकूण त्यांची अंडी शोषतो. हे दोघे गेले की उरलेल्या तुडतुड्यांना रान मोकळे. आणि पानाच्या खोडाला वेढणाऱ्या आवरणात आत घातलेल्या अंड्यांतून नवी पिल्ले निघायची ती निघतातच. इंडोनेशियाने हे इतके भोगले की 1986 साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर 57 कीटकनाशकांना बंदी घालावी लागली. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आले तेव्हा वाटले सुटलो. 2005 च्या आसपास आशियातल्या भाताच्या देशांत तुडतुडे त्यालाही दाद देईनासे झाले. फवारणाऱ्याच्या जिवाचे काय होते ते विदर्भाला नव्याने सांगायला नको. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली. ते पीक कापसाचे होते, पण पंप तेच आणि पाठीही आमच्यासारख्यांच्याच.

बुरशीचे मारणे वेगळ्या जातीचे आहे. किड्याने ती खावी लागत नाही. बीजाणू, म्हणजे बुरशीचे बी, त्याच्या कातडीवर पडतो, ओल मिळाली की रुजतो, कातडी विरघळवणारी विकरे सोडत आत शिरतो आणि रक्तात वाढतो. पाच ते दहा दिवसांत किडा संपतो. मेलेला तुडतुडा खोडाला तसाच धरून राहतो. त्याच्या सांध्यांतून आधी पांढरी बुरशी फुटते, दोन-तीन दिवसांत ती गर्द हिरवी होते. ती हिरवी पूड म्हणजे शेजारच्या तुडतुड्यांसाठी तयार झालेले ताजे बीजाणू. रासायनिक औषध बांधीत पडल्यापासून कमीच होत जाते; बुरशीला किडे आणि ओल मिळाली तर ती वाढू शकते. हे नवे खूळ आहे असे म्हणणाऱ्यांना सांगावेसे वाटते की रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी ओडेसाच्या परिसरात गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर हीच हिरवी बुरशी अजमावली ती 1879 साली. डीडीटीचा कीटकनाशक गुण कळला त्याच्या साठ वर्षे आधी.

आणि धानाची बांधी तर जणू तिच्यासाठीच केलेली. या बुरशीला 25 ते 30 अंश तापमान, नव्वद टक्क्यांच्या वर दमटपणा आणि सावली लागते. उन्हातले अतिनील किरण तिला सोसत नाहीत. उघड्या पानावर काही तासांत बीजाणू निकामी होतात. आता हस्ताच्या पावसातली बांधी डोळ्यांपुढे आणा. खाली पाणी, वर दाट पाने, मध्ये कोंदट सावली. तुडतुडा राहतो ती जागा तीच. कापसाच्या किंवा हरभऱ्याच्या शेतात बुरशीला ही सोय मिळत नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1980 च्या दशकात मेटारायझियम, बिव्हेरिया अशा बुरशा प्रत्यक्ष भातशेतात तपकिरी तुडतुड्यांवर सोडल्या, तेव्हा तीन आठवड्यांनी बुरशीने मेलेल्या तुडतुड्यांचे प्रमाण 63 ते 98 टक्के भरले. तीन आठवड्यांनी, हे शब्द पुन्हा वाचावेत. मुद्दा पुढे लागणार आहे.

इतके सगळे जुळत असताना आमच्याकडे का जमत नाही? हिशेब करून पाहू. नोंदणीच्या निकषाप्रमाणे पाकिटात दर ग्रॅमला किमान दहा कोटी जिवंत बीजाणू हवेत. पाकिटावर एक गुणिले दहाचा आठवा घात सीएफयू असे लिहिलेले असते ते हेच. अडीच किलोत झाले पंचवीस हजार कोटी. आकडा ऐकायला प्रचंड आहे. पण शेतावरच्या प्रयोगांत या बुरशांची नेहमीची मात्रा हेक्टरी एक लाख कोटी ते दहा लाख कोटी बीजाणू अशी असते. म्हणजे कारखान्यातून निघालेले पाकीट निकषाला जेमतेम उतरणारे असेल, तर ताजे असतानाच ते खालच्या मात्रेच्या एक चतुर्थांश भरते. चांगले उत्पादक किमानपेक्षा बरेच जास्त भरतात, हे मान्य. पण पाकिटात नेमके किती आहेत ते आम्हाला कोण सांगणार? आणि अशा तुटपुंज्या मात्रेतले निम्मे बीजाणू वाटेत मेले तर पंपात उरते ती बीजाणू ज्यात मिसळतात ती नुसती शंखजिऱ्याची भुकटी.

वाटेत ते मरतातच. आमच्या तालुक्याच्या गावी एका दुकानात हे पाकीट मी मागितले. माळ्यावरून निघाले. वर टिनाचे छप्पर. भंडाऱ्याचा मे महिना आपल्याला ठाऊक असेलच, पारा 45 च्या आसपास असतो. टिनाखाली काय होत असेल! तारीख पाहिली तर मागच्या हंगामातली, मुदत संपायला थोडे दिवस राहिलेले, म्हणजे कागदोपत्री माल चोख. दुकानदार माणूस सरळ आहे. म्हणाला, "भाऊ, नेता तं न्या. पण दोन दिवसांत तुडतुडा पडला नाही तं मले म्हणू नका." त्याला दोष काय द्यायचा? दुधासारखा जपायचा माल त्याच्याकडे युरियाच्या गोणीसारखा येऊन पडतो. थंड जागा ठेवायला त्याला कोणी सांगितलेले नाही, ठेवली तर जास्तीचा पैसा मिळत नाही, आणि शेजारच्या बाटलीवर त्याला मार्जिन चांगले सुटते. पाकिटावरची मुदत थंड, कोरड्या जागेच्या हिशेबाने लिहिलेली असते. ती जागा अख्ख्या साखळीत कुठे आहे, हे आपण एकदा शोधावे.

योजनेतून येणाऱ्या पाकिटांची कथा निराळी. ती फुकट असतात, म्हणून कोणी बोलत नाही. पण दिवाळीच्या तोंडावर, हलके धान कापून बांधावर पडलेले असताना तुडतुड्यांची पाकिटे वाटली जाताना मी पाहिली आहेत. रब्बीत वापरा, असे सांगितले गेले. कशावर वापरायची ते सांगितले नाही.

तीन आठवड्यांचा मुद्दा इथे येतो. बुरशी आग विझवणारी नाही. खळे पडल्यावर ती फवारणे म्हणजे पैसे पाण्यात. तुडतुडे चुडाला दोन-चार दिसू लागतात तेव्हा, साधारण पोळ्यानंतर, पहिला हात द्यावा लागतो, आणि गरज वाटली तर आठ-दहा दिवसांनी दुसरा. सल्ल्यात मात्र ती धोक्याची पातळी ओलांडल्यानंतरच्या औषधांच्या यादीत, रसायनांच्या रांगेत छापली जाते. वाचणारा दोघांचा निकाल एकाच मापाने मोजणार. दुसऱ्या दिवशी बांधीत जाऊन पाहणार, तुडतुडे सरकताना दिसणार, आणि गावात बातमी फिरणार की सरकारी पावडर बोगस. क्रॉपसॅपची सर्वेक्षणाची यंत्रणा 2009-10 पासून आपल्याकडे आहे. तुडतुडे दोन-चारावर आहेत हे कीड सर्वेक्षक लिहून घेतो, ते आपल्याला कळते. तेव्हाच निरोप धाडा ना. दहावर गेल्यावरचा निरोप आम्हाला दुकानदारही देतो.

सल्ल्यात आणखी एक गोष्ट राहून जाते आणि तीच जास्त घात करते. तुडतुड्याच्याच दिवसांत धानावर पर्णकोष करपा हा बुरशीचा रोग येतो. शेतकरी मजुरी वाचवायला एकाच पंपात दोन्ही उरकतो: हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल, त्यातच मेटारायझियम. बुरशीनाशक ओतल्यावर बुरशी जगेल कशी? हे सांगायला कृषी पदवी लागत नाही, पण दुकानात कोणी सांगत नाही आणि सल्ल्यात दोन्ही नावे एकाच परिच्छेदात असतात. दोहोंच्या मध्ये आठवडाभर अंतर ठेवा, पंप धुऊन घ्या, संध्याकाळी फवारा, नोझल बुंध्याकडे धरा, पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळा नाहीतर नोझल चोंदते, पाण्यात स्टिकर टाका कारण बीजाणू पाण्यात नीट भिजत नाहीत. पंधरा लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम. एवढे चार ओळींत मावते. ड्रोनचा उत्साह सध्या फार आहे म्हणून हेही लिहितो: एकरी दहा लिटर पाणी वरून सोडले तर ते शेंड्यावर राहते. तुडतुडा बुंध्यात आहे.

बुरशी सगळ्यावर चालते असे सांगून तिची बदनामीही करू नका. खोडकिड्याची अळी खोडात शिरली की तिच्यापर्यंत बीजाणू पोहोचणार नाही. गाभेमर आणि पांढऱ्या लोंब्या दिसल्यावर बुरशी फवारून काही होत नाही, तिथे अंडीपुंज वेचणे आणि ट्रायकोग्रामा ही किडीची अंडी मारणारी मित्रकीड हाच रस्ता. गादमाशीचेही तेच, अळी पोंग्याच्या आत सुरक्षित. पाने गुंडाळणाऱ्या अळीवर बिव्हेरियाची नोंदणी आहे, पण पान गुंडाळून घेण्याआधीच्या लहान अळीवर ती लागू पडायची.

बिव्हेरियावरून आठवले. ही बुरशी जगाला माहीत झाली ती रेशीमकिड्यांमुळे. इटलीत अगोस्तिनो बास्सी यांनी 1835 साली दाखवून दिले की रेशीमकिड्यांची पांढरी मर एका बुरशीने होते. बिव्हेरिया बॅसियाना या नावातले बॅसियाना त्यांच्याच नावावरून. आपल्या धान पट्ट्यातच, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलकडेच्या गावांत, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पोसल्या जातात. ढिवर समाजातल्या कितीतरी घरांचा तो पिढ्यांचा धंदा आहे. अळ्या झाडावर असतात तो पावसाळा, आणि बिव्हेरियाची शिफारस धानावर येते तोही पावसाळा. एका खात्याची पाकिटे दुसऱ्या खात्याच्या लाभार्थ्यांच्या झाडाखाली वाटण्याआधी रेशीम विभागाशी बोलणे झाले आहे का? झाले असेल तर ते सल्ल्यात दिसत नाही. टसरच्या शिवारात बिव्हेरिया नको, एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे?

आता जमते कुठे तेही पाहू. पश्चिम महाराष्ट्रात हुमणीसाठी हेच मेटारायझियम शेणखतात मिसळून उसाच्या सरीत जाते. तिथल्या शेतकऱ्याला बीजाणू म्हणजे काय ते आमच्याहून जास्त माहीत आहे असे नाही. त्याच्यामागे कारखाना आहे. कारखान्याला ऊस हवा, म्हणून त्याचा शेतकी विभाग बुरशी मिळवतो किंवा स्वतः बनवतो, वेळेत देतो आणि पैसे बिलातून कापतो. धानामागे कोण आहे? गोंदियात राईस मिलांची रांग आहे, पण मिलवाल्याला धान कुठूनही मिळते. बोनसची चर्चा दरवर्षी होते, तुडतुड्याची एखाद्या वर्षी, तीही पंचनाम्यापुरती. धानाला कारखान्यासारखा धनी नाही, म्हणून ते काम आपल्या खात्याकडे येते. दुसरा कोणी नाही.

आणि गंमत अशी की कच्चा माल आमच्याच दारात आहे. ही बुरशी वाढवतात कशावर? तांदळाच्या कनकीवर, म्हणजे तुकड्यांवर. भिजवलेली कनकी पिशवीत भरायची, 121 अंशांवर वाफेने निर्जंतुक करायची, थंड झाल्यावर बुरशीचे शुद्ध विरजण टाकायचे, पंचवीस-सव्वीस अंशांच्या खोलीत ठेवायचे. दोन आठवड्यांत दाणा न् दाणा हिरवा होतो. ब्राझीलमध्ये उसावरच्या किडीसाठी मोठ्या प्रमाणावर हे असेच, तांदळावरच बनवतात. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात भात संशोधन संस्थेकडून विरजण घेऊन शेतकऱ्यांनी घरच्या घरी मेटारायझियम वाढवले आणि तुडतुड्यांवर ताजे वापरले. तिथे माळा नाही, टिन नाही, मागच्या हंगामाची तारीख नाही. पंधरा दिवसांपूर्वी तयार झालेली बुरशी पंपात जाते.

मग गावोगावी कुकर आणि पिशव्या वाटा, असे मी म्हणणार नाही. अर्धवट निर्जंतुक केलेल्या कनकीवर अॅस्परजिलस फ्लेव्हसही येतो आणि तोही हिरवटच दिसतो. तो अफ्लाटॉक्सिन करणारा. ती पिशवी मेटारायझियम समजून हाताने चोळली, फवारली, तर नाकातोंडात काय जाईल? गटांची उत्साही शिबिरे भरतात, फोटो निघतात, हिरव्या पिशव्या हातात धरून सगळे हसत उभे असतात. त्या पिशव्यांत काय वाढले आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचा फोटो मी कुठे पाहिलेला नाही.

म्हणून मागणी मधली आहे. केंद्राने 2024 साली नैसर्गिक शेती अभियानात देशभर दहा हजार जैव-निविष्ठा केंद्रांची घोषणा केली. आपल्या वाट्याला येतील त्यांतली काही धान पट्ट्यात ठेवा आणि त्यांना दशपर्णी अर्काच्या ड्रमांपलीकडचे काम द्या. शुद्ध विरजण विद्यापीठाने पुरवावे. अकोल्याच्या विद्यापीठाची साकोली आणि सिंदेवाहीची केंद्रे धानासाठीच आहेत. कनकीवरची वाढ केंद्रात व्हावी, आणि प्रत्येक खेपेचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात जाऊन तपासून यावा. तपासणी अवघड नाही: बीजाणू माध्यमावर पसरायचे, 24 तासांनी शंभरातले किती रुजले ते मोजायचे. तेवढा आकडा आणि तयार केल्याची तारीख पाकिटावर हाताने लिहिली तरी चालेल. आम्हाला चकचकीत छपाई नको.

बाजारातून घेतलेल्या मालालाही हाच न्याय लावा. खरेदी करताना नमुना काढताच, तसा तो वाटपाच्या दिवशी तालुक्याच्या गोदामातूनही काढा. पुरवठादाराचे देयक त्या दुसऱ्या आकड्यावर ठेवा. मग माल थंड कसा ठेवायचा ते त्याला कोणी शिकवावे लागणार नाही. खरेदीचा आदेश मार्चअखेर निघून माल मेच्या भट्टीत येऊन पडतो, त्यापेक्षा पुरवठ्याची तारीख ऑगस्टची लावा. निधी मार्चअखेर संपवण्याची घाई आम्हालाही समजते. आदेश तेव्हाच काढा, फक्त माल नंतर उचला.

दुकानदारांसाठीही काही करता येईल. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी जैविक माल ठेवणाऱ्यांना छपरापासून दूर, थंड कपाटाची अट घाला आणि त्या कपाटासाठी अनुदान द्या. बियाण्याच्या आणि अवजारांच्या योजनांत इतके काही बसते, एक फ्रिज बसायला हरकत नसावी.

एक प्रश्न मात्र थेट विचारतो. या खरिपात आमच्या जिल्ह्यात वाटायची मेटारायझियमची पाकिटे कोणत्या महिन्यात तयार झाली, आज ती कुठे ठेवली आहेत आणि त्यांतले किती बीजाणू रुजतात? तीन आकडे आहेत. तालुका कृषी कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिले तरी पुरे. फक्त पोळ्याच्या आधी लिहा.

आपला,
एक धान उत्पादक
साकोली तालुका, जिल्हा भंडारा